बंद तारखा

एकवीसचा आकडा फिका पडला — आधी काळा होता, आता राखेसारखा, कितीही दाबला तरी न दबणारा — आणि वर्षालीला बरं वाटलं, इतकं बरं की तिने तो पुन्हा दाबून पाहिला, मग पुन्हा एकदा, जसं कुलूप लावल्यावर आपण ओढून बघतो. दबत नाही. आता या दिवशी कुणाला काही करता येणार नाही.

पडद्यावर सप्टेंबर उघडा होता. तळेगाव रस्त्यावरच्या किसनरावांच्या मंगल कार्यालयाचं हे ऑनलाइन बुकिंगचं पान तिने घरी बसूनच तयार केलं होतं. लग्नाआधी शिकलेलं तेवढं एक अजून हातात होतं. लोकांनी तारीख निवडायची, नाव-नंबर भरायचा, झालं. पण कोणती तारीख निवडता येऊ नये हे किसनरावांनी भिंतीवरच्या पंचांगावर लाल फुल्या मारून पाठवलं होतं — होऊन गेलेले दिवस, दिले गेलेले दिवस, आणि पितृपक्ष पुरा, अगदी सर्वपित्री अमावस्येपर्यंत. ती एकेक दिवस राखाडी करत गेली. या कामात तिचा हात भराभर चालायचा. दिवस बंद करणं तिला नवीन नव्हतं.

पहिला बंद केला तो सोमवार. लग्नाला वर्ष व्हायचं होतं, पाठ भिंतीला टेकवता येत नव्हती, आणि सासूबाई हळदीचं दूध घेऊन आल्या होत्या — काही न विचारता, काही न बघता — आणि म्हणाल्या होत्या, "सोमवार धर, पोरी. उपासाच्या बाईले हात लावत नाईत आपल्या घरी. तुझ्या सासऱ्यानंबी कधी लावला नाई." सासूबाईंचं, विमलाबाईंचं, सगळं आयुष्य त्या एका वाक्यात होतं, पण तेव्हा तिला ते फक्त देवाधर्माचं वाटलं. तिने सोमवार धरला. महादेवाला बेल वाहिला, आणि त्या दिवशी तिचा नवरा अंकुश खरंच उठलेला हात खाली घेऊन बाहेर निघून गेला. मग मंगळवारी मारलं. तिने मंगळवार धरला. मग गुरुवार, मग देवीचा शुक्रवार... तो सरकत गेला तशी तीही त्याच्या मागे दारं लावत सरकत गेली, आणि खोटं कशाला बोलायचं, तिला त्या व्रतांचा लळाही लागला. पहाटे अंघोळ करून ओल्या केसांनी देवापुढे बसलं की वाटायचं, आज माझं अंग माझं आहे. शेवटी एकटा रविवार उरला. मारणं कमी झालं नाही. गोळा झालं.

"वाचली आज," अंकुश हसत म्हणायचा, साबुदाण्याच्या ताटलीकडे बघून. "येऊ दे रविवार." शेजारच्या वच्छलाबाई ते ऐकून हसायच्या, नवराबायकोची थट्टा.

मागच्या रविवारी त्याने तिचं डोकं ओट्याच्या कडेवर — तिने मान हलवली. डावा कान अजून मधूनच वाजतो, डबक्यावर एखादी माशी भिरभिरावी तसा. कारण काय होतं? भाजीत मीठ नव्हतं. नाही, ते त्याच्या आधीच्या रविवारी. मागच्या वेळी फोन होता. किसनरावांचा, याच कामाचा. कोणाशी बोलून राह्यली? काका आहेत हो, कार्यालयवाले. काका हाय काऊन... मग ओट्याची कड, आणि तिच्या डोळ्यांपुढे मोहरीचा डबा, अगदी जवळ, त्याच्यावरचं फूल.

आज रविवार.

सकाळीच तिने सासूबाईंना विचारलं होतं, पोळ्या लाटता लाटता, आवाज नेहमीसारखा खाली ठेवून. "आई, श्रावणातला रविवार आहे. आदित्याचं व्रत धरू म्हणते आजपासून. अळणी."

विमलाबाई परातीत पीठ चाळत होत्या. चाळण थांबली नाही.

"नको."

"काऊन?"

"एक दिवस तं मोकळा ठेव, बाई. सगळेच बंद केले तं तो एकबी मानन का?" मग बऱ्याच वेळाने, पिठाकडेच बघत, "मीबी ठेवला होता. बुधवार."

चाळणीतून पीठ पडत राहिलं. वर्षाली लाटत राहिली. तिला वाटलं होतं या बाईने आपल्याला वाचवलं. आणि या बाईने तर — काय केलं होतं? हिशोबाने दिलं होतं. सहा दिवस सोडवून आणले आणि सातवा मोबदल्यात देऊन टाकला, बोकड सोडावा तसा. तिच्या मनात आलं, हे लाटणं आहे, भरीव, शिसवीचं. मनात आलं आणि गेलं. देवा, क्षमा कर. पोळी फुगली.

दुपारी किसनरावांचा फोन आला.

"काय करून ठेवलं, ताई? एकवीस तारखेले बुकिंग आलं ना. अमावस्येले. समुद्रपूरचे कोणी प्रेमदास म्हणून हाय. तू तं म्हणे बंद केली."

"बंदच आहे, काका. मी सकाळी दाबून बघितली."

"मग यानं काय फुकर मारून उघडली? विचार बरं त्याले तूच. मले त्यातलं समजत नाई. नंबर पाठवून देतो."

नंबर आला. अनोळखी माणसाचा नंबर, रविवारी, तिच्या फोनमध्ये. संध्याकाळी अंकुश आल्यावर आधी फोन मागतो, मग पाणी. नंबर पुसून टाकला तर पुसलेलं ओळखतो. पुसल्याचा मार वेगळा असतो. पण चूक तिची होती, आणि चूक कळल्याशिवाय तिला बसवत नव्हतं — हाही एक नेमच. तिने फोन लावला.

"जय भीम, बोला ताई," पलीकडचा आवाज मोकळा होता, मागे घरातली गडबड. तिने विचारलं. तो हसला. "दबत नव्हती ना ती तारीख. मंग मी त्या रकान्यात टाइप करून टाकली. घेतली त्यानं. पोरीचा साखरपुडा हाय, काजलचा. रविवार हाय, सगळ्यायले सुट्टी, म्हणून तोच पाहिजे होता."

"अमावस्या आहे हो त्या दिवशी. सर्वपित्री."

"ते तुमच्यात," तो शांतपणे म्हणाला. "आमच्यात नाई मानत, ताई. आमच्यासाठी एकवीस तारीख हाय ती."

ती दोनदा "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मग स्वतः करून पाहिलं. राखाडी आकड्यावर बोट न लावता वरच्या रकान्यात एकवीस लिहिलं, आणि पानाने ते निमूटपणे घेतलं, आभारही मानले. तिने दिवस फक्त दिसायला बंद केले होते. जिथे तारीख खरोखर जमा होते तिथे कुणी विचारणारं बसवलंच नव्हतं. ज्याला राखाडी रंग मानायचा नाही त्याच्यासाठी सगळे दिवस उघडे होते, पहिल्यापासून.

पहिल्यापासून. सोमवार, गुरुवार, शुक्रवार... अंकुशने मानले म्हणून बंद. एखाद्या गुरुवारी त्याने नुसतं ठरवलं की झालं.

तिने किसनरावांना कळवलं. "त्यायच्यात नसते हे तं मी इसरलोच होतो. आता पोरीचं काम हाय. खोल ती तारीख. ते नाई मानत तं आपन काऊन अडवाव?"

एक ओळ पुसायची होती. तिने पुसली. एकवीस काळा झाला, जणू कधी फिका नव्हताच. बरोबरच होतं ते. प्रेमदासचं काही चुकलं नव्हतं, काजलचं तर नाहीच, आणि तरीही तिने एकवीस दाबून पाहिला. दबला. एका ओळीचं काम. इतकंच होतं.

ती उठली. पावशी घेऊन भेंडी चिरायला बसली, पायाखाली विळीचा पाट धरून, कारण चिरताना डोकं शांत होतं. व्रताच्या दिवशी ती पावशीला हात लावत नाही, सासूबाई चिरतात. व्रताच्या दिवशी रागवायचं नाही, उलट बोलायचं नाही, मुंगी मारायची नाही, कुणावर हात — भेंडीचं टोक उडालं — कुणावर हात उगारायचा नाही. हे तिने इतकी वर्षं पाळलं, इतकं मनापासून, की गल्लीत म्हणतात वर्षालीचा आवाज पुढच्या खोलीत जात नाही. सहा दिवस त्याचे हात बांधायला म्हणून ती देवापुढे बसली, आणि सहा दिवस स्वतःचेच बांधून घेत होती. तो हसून ताटलीकडे बघायचा. ती हात जोडून बसायची. आणि मारायचा दिवस यायचा तेव्हा तिचे हात जोडलेलेच असायचे, सवयीने.

पण रविवारी व्रत नसतं.

तिने चिरणं थांबवलं. पात्याला भेंडीची चिकट तार लागली होती. रविवारी व्रत नाही, म्हणजे त्याच्यासाठी नाही — आणि माझ्यासाठीही नाही. या दिवशी मला कशाचीच मनाई नाही. कोणत्या पोथीत, कोणत्या नेमात लिहिलंय की मोकळा दिवस फक्त एकाचाच? तिने ते हळूच, देवाशी बोलते त्या आवाजात, स्वतःला विचारलं. तिच्या नजरेसमोर त्याचं मनगट आलं, आतली निळी शीर, घड्याळाच्या पट्ट्याखालची, आणि पाट तिच्या पायाखाली घट्ट होता; ती शीर मनातून गेली नाही. ती क्षमा मागायची वाट बघत बसली. क्षमा मागावीशी वाटली नाही.

"आजचं धरू नको म्हटलं, मनावर घेतलं का?" विमलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच विनवणीचा होता.

"नाही धरलं, आई."

"मग जेवून घे. तो यायच्या आत."

"त्याच्याबरोबरच बसते आज."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग खाली पावशीकडे, मग पुन्हा तिच्याकडे, आणि त्या आत आल्या नाहीत, बाहेरही गेल्या नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल वळली. हा आवाज आला की तिचे खांदे कानाकडे जायचे, जीभ टाळूला चिकटून नाम घ्यायला लागायची, कान वाजायचा... तिने वाट पाहिली. खांदे खालीच होते. तोंडात नाम नव्हतं. ओठ मिटलेले, कोरडे, अगदी स्वस्थ. फाटक वाजलं. भीती कुठे आहे म्हणून ती आत शोधत गेली, खोल, रोज जिथे ती असायची तिथपर्यंत, आणि तिथे दुसरंच कुणीतरी बसलं होतं, पाय मुडपून, न बोलता, आणि ते तिच्याकडे बघतही नव्हतं. ते दाराकडे बघत होतं.