पुसेगावच्या मांडवातली जर्मन तबकडी

माझ्या लग्नाचा विषय निघाला की आमच्या साखरा गावातली माणसं हसायला लागतात, आणि नवरदेव कोण होता हे विसरून सोनाजीचीच गोष्ट सांगत बसतात. लग्न माझं, नवे कपडे माझ्या अंगावर, आणि नाव मात्र सोनाजीचं. चालायचंच. पण गोष्ट सांगायचीच तर ती मी सांगावी, कारण त्या पंगतीत मी त्याच्या समोरच बसलो होतो.

सोनाजी माझा लहानपणापासूनचा दोस्त. गावात लाऊडस्पीकर त्याच्या एकट्याकडं. बॅटरीवर चालणारा फोनो, एक अँप्लिफायर, दोन भोंगे आणि पत्र्याच्या पेटीत लहान लहान तबकड्या. तबकडी तीन-चार मिनिटांत संपायची, आणि संपली की लगेच दुसरी लावावी लागायची. मध्ये जरा उशीर होतोयसं वाटलं तर सोनाजी माईकमध्ये ‘हॅलो, हॅलो’ करत राहायचा. कारण आमच्याकडं मांडवातला भोंगा मध्येच गप्प झाला तर त्याचा अर्थ एकच: गावात कोणीतरी गेलं. मयत झालं की आधी भोंगा बंद करायचा, ही रीत. मग ताटावरची माणसं उठतात, शेतातली घराकडं धावतात.

त्यामुळं बिचारा दुसऱ्यांच्या लग्नात दिवसभर फोनोला बांधल्यासारखा असायचा. पहिल्या पंगतीला तो कधी बसलाच नाही. शेवटी खरवडलेलं वरण आणि तुटक्या पोळ्या हे त्याचं जेवण. आणि यापायीच त्याचं स्वतःचं लग्न अडलं होतं. सोयरिकी जुळतात लग्नसराईत, आणि लग्नसराईत हा घरी सापडायचा नाही. मुलीकडचे त्याला बघायला मांडवात यायचे. दोन शब्द झाले की हा तबकडी बदलायला पळायचा. दोन सोयरिकी अशाच मोडल्या. एका होऊ घातलेल्या सासऱ्यानं तर, पोराच्या बुडाला काटे आहेत काय, असं विचारलं होतं. सोनाजीची आई भागूबाई माझ्याकडं येऊन रडायची.

तिसरं स्थळ पुसेगावचं, रामजींची पद्मा. माझी सासुरवाडीही पुसेगावच, आणि रामजी नात्यानं माझ्या बायकोचे चुलते. माणूस सरळ, पण हेका पक्का. ते म्हणायचे, माणूस कसा आहे हे जेवताना कळतं. त्यांनी मला निरोप धाडला होता, “तुमच्या लग्नात पहिल्या पंगतीला पोरगं माझ्या शेजारी बसलं पायजे. पंगत उठंस्तोवर उठायचं न्हाई. उठलं, तर बोलणं तिथंच खलास.”

सोनाजीला पद्मा मनापासून आवडली होती. जवळच्या गोरेगावच्या बाजारात तिला एकदा बघितल्यापासून त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. निरोप ऐकून तो दोन दिवस धड जेवला नाही. दुसऱ्या कुणाला फोनोला हात लावू द्यायची त्याची तयारी नव्हती, कारण आधी एका हौशी पाहुण्यानं सुई आपटून तीन तबकड्या खराब केल्या होत्या.

मग त्याला ती तबकडी आठवली.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या भागात बोअर पाडायला परदेशी यंत्रं आली होती. एका यंत्राबरोबर एक जर्मन इंजिनिअर गोरेगावला येऊन राहिला. सोनाजी त्याच्या बॅटऱ्या चार्ज करून द्यायचा, आणि दोघं एकमेकांची भाषा न कळता तासन् तास गाणी ऐकायचे. जाताना साहेबानं त्याला आपल्याकडची एक मोठी तबकडी दिली. कव्हरवर पाच दाढीवाले, केस खांद्यापर्यंत, मागं कारखान्याचं धुराडं. भागूबाईनं कव्हर न्याहाळून विचारलं होतं, “यांच्या गावचा न्हावी मेला की काय?” आम्हाला तोवर जर्मनची पातेली तेवढी माहीत. तिथं गाणंही करतात हे नवीनच होतं.

त्या तबकडीची एक अख्खी बाजू म्हणजे एकच गाणं. लावून चहा करावा, प्यावा, कपबशा विसळून यावं, तरी ते चालूच. गाणारा थोडं गायचा, तेही रात्रभर जागल्यासारख्या आवाजात. बाकी सगळी गिटार, ढोल आणि आपल्या बाजाच्या पेटीपेक्षा दांडगी एक पेटी. मला पहिल्यांदा काही कळलं नाही, दुसऱ्यांदा मान डोलायला लागली. भागूबाईला मात्र पहिल्यापासून आवडलं. ती म्हणाली, “दुःखच सांगून राहिलाय, पण रडत न्हाई.” याहून चांगलं त्या गाण्याबद्दल मी आजवर ऐकलेलं नाही.

तर लग्नाच्या दिवशी पुसेगावच्या मांडवात वंदना झाली, फुलं पडली, मी आणि रूपाबाई नवरा-बायको झालो. पंगत बसली. सोनाजीनं लिंबाखाली ठेवलेल्या फोनोवर जर्मन तबकडी चढवली, सुई ठेवली, आणि येऊन रामजींच्या शेजारी मांडी घालून बसला. पांढराशुभ्र सदरा, केसांना तेल. भोंग्यातून गिटार सुरू झाली तशी पुसेगावची माणसं वर बघायला लागली. वाढपी दोन पावलं तालात टाकून गेला.

सगळं कसं छान चाललं होतं. रामजींनी शेताचं विचारलं, आईचं विचारलं. सोनाजी सावकाश घास घेत उत्तरं देत होता. बायकांच्या बाजूनं पद्मा चोरून बघत होती. भागूबाईचा चेहरा उजळला होता. रामजी चक्क हसलेही.

आणि भोंगा गप्प झाला.

झालं होतं असं, की गाण्याच्या मध्यावर ते पाचही जण एकदम हळू होतात. एकच गिटार अगदी बारीक वाजत राहते. सोनाजीनं हे गाणं घरात, फोनोला कान लावून ऐकलेलं. तिथं ते बारीक वाजणं स्पष्ट ऐकू यायचं. उघड्या मांडवात, दोनशे माणसांच्या गलक्यात ते मेल्यासारखं होईल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पंगतीतले हात थांबले. कोण गेलं, कोण गेलं, अशी कुजबुज सुरू झाली. सगळ्यांच्या नजरा बाजेवर पडलेल्या संतराम आज्याकडं वळल्या. हा माझ्या बायकोचा आजा. वय नव्वदीचं, झोप गाढ. त्याचा जबडा उघडा होता, हालचाल काही नव्हती. जनकाबाईनं, म्हणजे पद्माच्या आईनं, पदर तोंडाला लावला आणि हंबरडा फोडला. बाकीच्या बायकांनी तो उचलून धरला. माणसं ताटांवरून उठली.

सोनाजी बसूनच होता. उठला तर पद्मा गेली, आणि न उठला तर माझं लग्न मयतात निघालं.

“बसा हो, गाणं चालूच हाय,” तो रडवेल्या आवाजात म्हणाला.

“लोक रडून राहिले, अन् तुला गाणं सुचतंय व्हय?” रामजी म्हणाले.

तेवढ्यात पद्मा उठली. सगळे बाजेकडं धावत होते, ती लिंबाकडं गेली. फिरणारी तबकडी तिनं बघितली, वाकून सुईजवळ कान नेला. मग सरळ उभी राहून तिनं अँप्लिफायरचं एक बटण धरलं आणि लोकांना ऐकू यावं म्हणून पार शेवटपर्यंत पिळलं.

नेमकं तेव्हाच ते पाच दाढीवाले एकदम परत आले.

असा आवाज पुसेगावनं आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. बैलांनी दावी तोडली. कुत्री शेतात पळाली. वाढप्याच्या हातची बुंदी माझ्या डोक्यावर सांडली. आणि संतराम आजा बाजेवर ताठ उठून बसला, भोवती रडणाऱ्या बायकांकडं बघून म्हणाला, “काहून रडून राहिल्या? जेवण सरलं का?”

हसावं की पळावं हे कोणालाच कळेना. पद्मानं घाईनं बटण मागं फिरवलं. रामजी लालबुंद होऊन गरजले, “कोनं केलं हे?”

“मीच बटण नीट लावलं नव्हतं,” सोनाजी ताटावरूनच म्हणाला. “चूक माझी हाय. आवाज आपोआप वाढला.”

“खोटं बोलून राहिलेत ते,” पद्मा म्हणाली. “मी पिळलं, बाबा. गाणं बंद न्हवतं पडलं. तुमालाच ऐकू येत न्हवतं.”

रामजी तिच्याकडं बघत राहिले, मग सोनाजीकडं. त्याच्या ताटात अर्धी पोळी होती आणि मांडी अजून मोडलेली नव्हती. डोळ्यांत मात्र पाणी होतं. सोयरीक गेली असं धरूनच तो बसला होता, हे मला समोरून दिसत होतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

गाणं संपत आलं होतं. सोनाजीचा हात सवयीनं जमिनीवर टेकला. उठायलाच निघाला होता तो.

“तुमी जेवा,” पद्मा तिथून म्हणाली. “कोनती लावू तेवढं सांगा.”

सोनाजीनं नुसतं पेटीकडं बोट केलं. मग तिनंच पेटीतून एक तबकडी काढली, पदरानं पुसली आणि सुई अशी हळू टेकवली की भोंग्यातून साधा खर्रकन आवाजही आला नाही. सोनाजी बघतच राहिला.

रामजी पुन्हा खाली बसले. त्यांनी वाढप्याला हाक मारली. “बुंदी आण. जावयाला वाढ.”

पुसेगावचा जावई म्हणून वाढपी सरळ माझ्याकडं आला. आधीच डोक्यावर बुंदी घेऊन बसलो होतो, तरी मी ताट पुढं केलं.

“त्यो न्हाई,” रामजी म्हणाले आणि त्यांनी सोनाजीच्या पाठीवर हात ठेवला. “ह्यो.”