एकोणचाळिसावा तुकडा

रजिस्टर नगरला गेलंय, असं थॉमस मास्तरांनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा रंगुबाई त्यांच्या ओट्यावरून उठलीच नाही. मास्तर मंडळीचे, म्हणजे वाडीतल्या चर्चचे, चिटणीस. दोन-अडीच वर्षांपूर्वी मंडळ्यांचं एकत्रीकरण झालं, जुनी दप्तरं तिकडे गेली. आता जुनी नोंद बघितल्याशिवाय पंचांना ठराव करता येत नाही, असं त्यांनी पुन्हा एकदा सावकाश समजावलं. रंगुबाईने सगळं ऐकून घेतलं.

"मंग मीच जाते नगरला," ती म्हणाली.

मागणं एवढंच होतं, की मरायच्या आधी तिला प्रभुभोजन घ्यायचं होतं. तिसगावजवळच्या त्या वाडीत एकोणतीस वर्षं प्रभुभोजनाची भाकर तीच करत आली होती. भाकर आपली म्हणायची, असायची गव्हाची बिनमिठाची पोळी. घेणारे किती ते आदल्या दिवशी विचारायचं आणि मोजून तेवढेच तुकडे करायचे. कधी कमी पडला नाही, कधी उरला नाही. स्वतःला ती त्यात धरत नसे.

चव्वेचाळीस साली तिची दोन वर्षांची कृपा तापाने फणफणली होती. दवाखाना लांब, ओढ्याला पाणी, नवरा लष्करात. शेजारणीच्या सांगण्यावरून रंगुबाईने देवीला नारळ फोडला. पोर तिसऱ्या दिवशी गेली. माती देऊन परतल्यावर तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनी दारातच सांगितलं, की मंडळी सांगेपर्यंत प्रभूच्या मेजाला शिवायचं नाही. पुढे त्यांची बदली झाली, ते वारलेही, आणि सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पोळी करायला मात्र कुणी ना म्हटलं नाही, कारण तिच्याइतकी पातळ पोळी दुसरीला लाटता येत नव्हती.

ही शिक्षा जन्माची, असंच ती धरून चालली होती. पण यंदा उपवासकाळात नवे पाळक दानीएल आढाव यांनी पहिल्या शतकांतल्या मंडळीवर उपदेश केला. त्या काळी पाप केलेल्यांना म्हणे दाराशी उभं करत. ते रडत, आत जाणाऱ्यांना प्रार्थना करा म्हणत, आणि वर्षं भरली की ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी बिशप स्वतः दाराशी येऊन त्यांना हाताला धरून आत नेत. रंगुबाई नेहमीसारखी दाराशीच बसली होती. या शिक्षेला शेवट असतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

दुष्काळी कामावर खडी फोडायची होती, त्याचा खाडा करून ती एसटीने नगरला गेली. कारकुनाने दप्तर काढलं, चव्वेचाळीसची पानं दोनदा उलटली आणि मान हलवली. तिच्यावर बंदी घातल्याची नोंदच नव्हती.

परत येऊन तिने हे सांगितलं, तेव्हा आढाव पाळकांचा चेहरा उजळला. "मावशी, मग बंदी नव्हतीच तुमच्यावर. कधीही घेता आलं असतं."

रंगुबाईला संताप आला. घेता आलं असतं म्हणे! एकोणतीस वर्षं पोळीच्या वासावर काढली, ती काय हौस म्हणून?

"लिवा," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"रंगुबाईनं नारळ फोडला, तिला मेजावरनं उठवलं, आसं लिवा. आन मंग खोडा."

पाळक हसले नाहीत, तेवढं त्यांचं भलं. खोटी नोंद रजिस्टरात करता येत नाही, क्षमा तर प्रभूने केव्हाच केली आहे, असं त्यांनी बायबलातली वचनं काढून दाखवलं.

"त्यानं क्येली आसंल," रंगुबाई म्हणाली. "पर मला दारात उभं क्येलं ते मानसानं. त्या बिशपवानी हाताला धरून न्या, मी येते."

ती फार जुनी रीत, आता तसं कुणी करत नाही, असं पाळक म्हणाले. तिथेच बसलेल्या थॉमस मास्तरांनी मान डोलावली.

ईस्टरच्या आधीच्या त्या गुरुवारी संध्याकाळी रंगुबाईने रेशनच्या गव्हाची पोळी केली. घेणारे अडतीस होते. तिने एकोणचाळीस तुकडे केले, ताट मेजावर नेऊन ठेवलं आणि दाराशी येऊन या वेळी बसली नाही, उभी राहिली.

पाळकांनी भाकर उचलून आशीर्वाद मागितला. ज्यांनी पश्चात्ताप केला आहे त्यांनी पुढे यावं, असं म्हणून त्यांनी दाराकडे बघितलं आणि मान हलवून तिला बोलावलं. रंगुबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मेजापासून दारापर्यंत वीस पावलं असतील. बायका उठल्या, गडीमाणसं उठली, घेऊन परत बसली. पाळकांना वाटलं, म्हातारी अजून रागातच आहे. त्यांनी शेवटचं गीत सांगितलं.

मंडळी पांगल्यावर ती आत आली. पाळक मेज आवरत होते. ताटाकडे बघून ते थांबले.

"मावशी, आज एक तुकडा उरला. तुमचा हिशेब तर कधी चुकत नाही."

"न्हाई चुकला," रंगुबाई म्हणाली.

पाळकांच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. ताट त्यांच्या हातात तसंच राहिलं.

रंगुबाईने दोन्ही हात पुढे केले. "द्या हिकडं ताट," ती म्हणाली. "घासायचंय."