चार बोटांचा देवमासा

माझ्या सुनेला मोठ्यांचा मान ठेवता येत नाही. रोज सकाळी चहाबरोबर कागदाची एक पट्टी माझ्यापुढे सरकवते. चार बोटं उंच, वीतभर लांब, आत चित्रांच्या तीन चौकटी. वाचून झालं की पुढची मागावी, तर म्हणते, उद्या. उद्या काय होणार विचारलं तर ताकास तूर लागू देत नाही. माझ्या सासूने नुसतं वळून पाहिलं तरी माझ्या हातातलं भांडं सुटायचं, आणि ही मला वायदे देते.

पूर्वी तिने मुलांसाठी चित्रांचं एक पुस्तक केलं होतं. वाऱ्याने उडवलेली बापाची टोपी शोधायला एक पोरगी होडी घेऊन समुद्रात जाते, एवढीच गोष्ट. मी ते पाच मिनिटांत चाळून परत दिलं होतं, वर या पोरीला घरात कोणी ओरडणारं नव्हतं का, असंही विचारलं होतं. आता एका वर्तमानपत्राला तीच गोष्ट रोज थोडी थोडी छापायची होती. मला वाटलं, पुस्तक कातरलं की झालं. तसं नसतं म्हणे. पुस्तकात वाचणारा स्वतःच पान उलटतो, पेपरात त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवून धरायचं असतं. म्हणून ती जेवणाच्या टेबलावर सगळं नव्याने काढत होती आणि आम्ही महिनाभर ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. मुलगा कुरकुरला, तेव्हा मीच त्याला म्हटलं, तुझ्या मांडीला काय धाड भरलीय?

पहिल्या महिन्याच्या पट्ट्या संपादकाला पटल्या तर वर्षभराचं काम, नाही तर दुसऱ्या कोणाची गोष्ट. आणि पारखायला मी. दुसरीतून शाळा सुटलेली बाई, अक्षरावर बोट ठेवून वाचते. तुम्हाला कळलं तर सगळ्यांना कळेल, असं ती तोंडावर म्हणाली. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण पट्टी हातात होती म्हणून गप्प बसले.

अडलं ते पोरीला समुद्रात भेटणाऱ्या देवमाशापाशी. पुस्तकात तो दोन पानं भरून पसरला होता. चार बोटांत मावेल एवढा काढला तर ओंजळीतली मासोळी दिसायची. आठवडाभर ती काढत होती आणि फाडत होती.

मग एके सकाळी जी पट्टी आली तिच्यात चौकटी नव्हत्या, शब्दही नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं काळं. शाई सांडलीय, दुसरी दे, असं म्हणेपर्यंत ती आत निघून गेली होती. अक्षर नाही तर बोट ठेवायचं कुठे? ते तसंच काळ्यावरून सरकत गेलं आणि खालच्या कोपऱ्यात तिळाएवढ्या होडीवर थांबलं. तेव्हा उमगलं, हा अंधार नव्हे. कोणीतरी शेजारून चाललंय, आणि त्याला ना डोकं दिसतंय ना शेपूट. चहावर साय धरली.

दुसऱ्या दिवशीही काळंच, त्यावर जुन्या जखमांचे पांढरे ओरखडे. तो अजून जातच होता. मी पाय खुर्चीवर ओढून घेतले.

तिसऱ्या दिवशी डोळा. पट्टीभर एकच डोळा, आणि त्याच्या बुबुळात ती होडी, होडीत ती पोरगी, टोपीबिपी विसरून उभी. आयुष्यात मी पूर पाहिलाय, जन्म-मरणं या हातांनी निस्तरलीत, उगाच कोणापुढे मान लववत नाही. पण मी खुर्चीतून कधी उठले ते मला कळलं नाही. कागद चार बोटांचाच होता. लहान झाले होते ती मी.

पट्ट्यांच्या नकला संपादकाकडे गेल्या होत्या, आज सकाळी त्याचा फोन आला. तीन दिवस काही घडत नाही, शब्द नाही, वाचणारे शिव्या घालतील. देवमासा एका दिवसात उरका, नाही तर पट्ट्या परत. दुपारपर्यंत कळवा.

सून तिन्ही पट्ट्या पुढ्यात घेऊन बसली होती. डोळा ठेवते, काळ्या दोन काढून टाकते, म्हणाली. हातातलं काम जायला नको. मग माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत तिने मला कधी काही विचारलं नव्हतं.

"आई, तुम्ही सांगा. एक दिवस की तीन?"

मी म्हटलं, "एरवी माझ्याशी हट्टाने वागतेस, तो हट्ट आजच कुठे गेला? त्याला सांग, माझी सासू पहिल्या दिवशी चिडली, दुसऱ्या दिवशी घाबरली आणि तिसऱ्या दिवशी उभी राहिली. पहिले दोन काढून टाकलेस तर नुसता डोळा उरेल, देवमासा नाही. एवढं मोठं जनावर एका दिवसात जात नसतं. तीनच."