शेपटी भरून आली

कमळूला मासा खायला कवाबी वाढा. मळी वाढा, शिंगाळी वाढा, सुकट भाजून वाढा, काटे असे चोखील का खाली कुत्र्याला काय ऱ्हायचं नाय. पन जिता मासा काचेच्या पेटीत ठेवायचा, तोबी आजारी, सडका, आन वर त्याची सेवा करायची, ह्ये टोकावड्याच्या त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात कवा शिरलं नाय. शिरलं ते त्याच्या बायकोच्या, गिरजाच्या डोक्यात.

त्या साली गावात पयला मोबाइलचा टॉवर उभा ऱ्हायला. दोघं मुरबाडला बियानं घ्यायला गेली, आन यष्टीला टाइम व्हता म्हनून स्टँडासमोरच्या साईनाथच्या दुकानात गिरजा डोकावली. पोपट, ससे, रंगीत मासे, असलं सगळं तो इकायचा. खालच्या फळीवर बरनीत एक सोनेरी मासा आडवा पडला व्हता. अर्धी शेपटी झडलेली, गालावर काळा डाग, आन पाठीवर पांढरी बुरशी, सावरीच्या कापसासारखी, पान्यात हलायची. गिरजा बघतच ऱ्हायली. दोघांना पोर नव्हतं, एवढं सांगितलं का बास. साईनाथनं तो फुकटात दिल्यागत दिला, वर निळं औषध आन एक जुनी काचेची पेटी दिली. ती मांडीवर बरनी धरून यष्टीत बसली. तिच्या मनगटावर गोंदलेली तुळस व्हती, म्हसा गावच्या जत्रेत लहानपनी गोंदलेली, आन तिचं एक पान वाकडं. त्या पानावरनं कमळू तिला लगीन झाल्यापासनं चिडवायचा, तुळस नाय ती, कोंबडीचा पाय हाय. त्या दिवशी मात्र त्यानं सगळ्या यष्टीला सांगितलं, आमच्या घरी आता माशाचं बाळंतपन हाय.

घरी येऊन गिरजा घमेल्यात खडेमिठाचं पानी करायची, त्यात माशाला बुडवायची, बोटानं बुरशी पुसून काढायची, हळद चेपायची. ती बुरशी बोटाला चिकटून शेंबडागत लोंबायची, आन तेच बोट पदराला पुसून बाय भाकरी थापायला बसायची. पेटीला वास, भांड्याला वास, गोधडीला वास. कमळू तोंडाला टॉवेल लावून ओटीवर जेवायचा.

गिरजा लावनीला गेलेली असताना मासा मेला. पोट फुगून वर आलेला, एक डोळा बाहेर लोंबलेला.

आता कमळू म्हंजे जलमभर खोड्या केलेला मानूस. लग्नाच्या मांडवात लोकांच्या चपला बदलायच्या, ह्याचा बैल त्याच्या गोठ्यात बांधायचा, ह्ये त्याचे धंदे. त्यानं मेलेला मासा पळसाच्या पानात धरून उचलला, परसातल्या उकिरड्यात पुरला, वर राख टाकली, तळहातानं चापून सारखी केली, आन कुत्र्यांनी उकरू नाय म्हनून दगड ठेवला. मंग जीप पकडून मुरबाड गाठलं आन तसाच, पन धडधाकट मासा आनून पेटीत सोडला.

सांजच्याला गिरजा चिखलाच्या पायानंच पेटीपाशी बसली.

"अवो, बघा तरी. शेपटी भरून आली. डागबी गेला."

"तुझ्या हाताला गुन हाय गो," कमळू म्हनाला, आन हसू दाबायला परसात गेला.

तिथनं गिरजाला नादच लागला. साईनाथच्या दुकानातला जो सडंल तो तिच्या घरी. कोनाचे खवले उभे ऱ्हायलेले, कोनाच्या पोटाला लाल भोक, एक तर बिनडोळ्याचा, त्याच्या खाचेत काय तरी वळवळायचं. सगळे मरायचे, आन कमळू सगळे बदलायचा. साईनाथ हसायचा, काका, काकी सडका नेते आन तुमी चांगला नेता, तुमचं नक्की चाललंय काय. शेजारची बारकी तर आजारी कोंबडी घेऊन आली, गिरजाच्या हाताला गुन म्हनून. खोडीतली गंमत कवाच सरली व्हती, पन आता सांगायचं कसं, आन सांगून त्या बायच्या तोंडाकडं बघायचं कसं. नुसता उकिरडा वाढत व्हता. गिरजा राख टाकायला परसात निघाली का कमळू आडवा यायचा.

"तिकडं नको जाऊ. वास येतो."

एकदाच ती बोलली. पेटीला हात लावून बसलेली, मान न वळवता म्हनाली, "आदीचा मासा मला बघून वर यायचा. बरा झाल्यापासनं येत नाय."

"बरा झाला, आता त्याला तुझी काय गरज," कमळू म्हनाला.

लावनी सरता सरता गिरजाच्या पायाला चिखल्या झाल्या. त्या सगळ्याच बायांना व्हतात, पन हिच्या फुटल्या. पाय सुजून दुधीसारखा झाला, बोटांच्या बेचक्यात पांढरं साचलं, सावरीच्या कापसासारखं, आन त्यातनं पिवळं पानी गोधडीत जिरायला लागलं. अंगात ताप. आता घरभर वास व्हता तो माशांचा नव्हता. गिरजा वाचली पायजे, ह्यापरता कमळूला दुसरा इचार नव्हता. पन तो पाय त्याच्यानं बघवत नव्हता. फडकं काठीनं पुढं सरकवायचा आन स्वतः दारात बसायचा, टॉवेल नाकाला लावून. ती पडल्या पडल्या बघत व्हती.

"किळस येते ना तुमाला माजी?"

"तू काय मासा हाईस?" कमळू हसून म्हनाला.

ती हसली नाय. "मासा असते तर कवाच बरी झाले असते."

कमळू जीप आनायला निघाला, मुरबाडच्या दवाखान्यात न्यायला. वाटंनं त्याला आपली गिरजा आठवंना, पायच दिसायचा. मनातनं त्यानं मागितलं, कोनी तरी मला ती चांगली करून द्या. अशी नको. चांगली द्या.

दुपार कलताना तो गणूची जीप घेऊन आला, तर चुलीतनं धूर येत व्हता. गिरजा भाकरी थापत बसलेली. केस इंचरलेले, लुगडं धुतलेलं, आन पाय पुढं पसरलेला, गोरा, कोरा, चिखलात कवा न बुडल्यासारखा. घरात वास नव्हता. कसलाच नाय. गणू म्हनाला, काका, म्हातारपनीबी खोड्या जात नाय तुमच्या, आन जीप वळवून गेला.

कमळू दारातच उभा. आनंद व्हायला पायजे व्हता, तो व्हत नव्हता.

"कोंबडीच्या पायवाली," त्यानं हळूच हाक मारली.

तिनं वर बघितलं नाय. भाकरी उलटायला हात पुढं केला, बांगड्या मागं सरकल्या, आन मनगट उजेडात आलं. नितळ. तुळस नाय, वाकडं पान नाय.

"गिरजा," तो म्हनाला, "गोंदन कुटं गेलं?"

तिनं मनगटाकडं बघितलं. "डाग व्हता," ती म्हनाली. "गेला."

कमळू मागल्या दारानं परसात गेला. उकिरड्यावर ताजी राख व्हती, लांबच्या लांब, मानूसभर. कोनी तरी तळहातानं चापून ती सारखी केली व्हती. वर दगड ठेवलेला, आन तो दगड त्यांच्याच उंबऱ्याखालच्या पायरीचा. राखंतनं एका जागी पळसाच्या पानाचं टोक वर आलेलं. तो खाली बसला. हात पुढं केला. पानाखाली काय हाय ते त्याला बघायचं व्हतं, पन बोटं राखंतच ऱ्हायली.

"तिकडं नको जाऊ," मागनं दारातनं ती म्हनाली. अगदी मायेनं. "वास येतो."

मंग त्याच्यासाठी तांब्या भरून ठेवला, ताट वाढलं. कमळूनं हात धुतले, राख निघंपर्यंत धुतले, आन तिच्या हातची भाकरी तोडून तोंडात घातली. ती समोर बसून बघत व्हती.

"बरे झाले तुमीबी," ती म्हनाली. "आज टॉवेल नाय लावला."