भिवराबाई पाण्यात उतरली

मोगलाईच्या काळात युसूफ वडगावात भिवराबाई नावाची म्हातारी होती. सत्तरी ओलांडलेली. गुडघे असे धरले होते की दोन वर्षांत तिनं उंबरा ओलांडला नव्हता. मुलगा आसाराम यानं रुईची पानं शेकून बांधली, डागही देऊन आणला. उतार पडेना.

एका बाजारच्या दिवशी मोमिनाबादेचे, म्हणजे आपल्या अंबाजोगाईचे, एक म्हातारे हकीम गावात आले. त्यांनी गुडघे चाचपले.

"यांच्यात अजून जान हाय," ते म्हणाले. "पण अंगाचा भार सोसत न्हाई. भार उतरवा, मग हलवा."

"भार कसा उतरवायचा?" आसारामनं विचारलं.

"पाण्यात न्या. रोज."

आसाराम बिचकला. "म्हातारीला हिरीत ढकलली, म्हनतील लोक."

त्याची बायको छबुबाई मांजरेकाठची, लहानपणापासून पोहणारी. "मी नेते आत्याबाईला," ती म्हणाली.

भिवराबाई कोपरावर रेलून जराशी उठली. मग म्हणाली, "बाजंवर पडून पडून पाठ सोलली माजी. घाला गाडीत."

मळ्यात पायऱ्यांची विहीर होती. फाल्गुनातली दुपार. गाडी सोडून आसाराम लांब बांधावर जाऊन बसला. छबुबाईनं सासूच्या कमरेला दोन वाळके भोपळे बांधले आणि तिला कवेत धरून एकेक पायरी खाली आणलं. म्हातारीची नखं सुनेच्या दंडात रुतली होती. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं. मग पायाखालची पायरी सुटली.

ती बुडाली नाही.

"छबू," ती हळूच म्हणाली, "माजे पाय कुठं गेले गं?"

"हायत की, आत्याबाई. हलवा."

घरात तसूभर न वाकणारा गुडघा त्या हिरव्या पाण्यात वाकला, परत सरळ झाला. कळ आली, पण मुंगीएवढी. भिवराबाई आपल्याच पायांकडे बघत राहिली. सात बाळंतपणं सोसलेलं, जन्मभर ओझी वाहिलेलं ते अंग आज पाण्यानं अलगद उचलून धरलं होतं. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"कावून रडताव? दुखतंय का?"

"न्हाई गं. काईच दुखत न्हाई. म्हून."

मग रोज दुपारी गाडी मळ्यात जाऊ लागली. पंधरा दिवसांनी म्हातारी पाण्यातल्या पायरीवर उभी राहिली. महिन्यानं तीन पायऱ्या स्वतः चढली. मधे चार दिवस गुडघे पुन्हा सुजले, तेव्हा छबुबाई घाबरली, पण सासूच म्हणाली, "चल, आज नुसती तरंगते."

वैशाखात आसाराम नांगर धरून होता. पांदीतून कुणीतरी काठी टेकत येताना दिसलं. चाल ओळखू येईना. लुगडं ओळखलं, तेव्हा त्याच्या हातून नांगराचं रुमणं सुटलं. छबुबाई दहा पावलं मागं होती, हात मोकळे सोडून. म्हातारी थांबायची, दम घ्यायची, पुन्हा निघायची. आसारामनं पायताणं काढली आणि तापल्या ढेकळांत अनवाणी उभा राहिला.

"खुळ्यावानी काय बगतूस?" जवळ येऊन ती म्हणाली. "पानी दे की."

त्याला हलताच येईना.