ठकुबाईच्या फळ्या

शेलार गावातल्या त्या गल्लीतला गतिरोधक हरेशनेच घालून घेतला होता. गोदामांचे टेम्पो दारावरून सुसाट जातात, म्हातारं माणूस अंगणात बसतं, असं कारण त्याने सांगितलं. खरं कारण गावाला ठाऊक होतं. त्याच्या नव्या बंगल्यासमोर प्रत्येकाने जरा हळू व्हावं आणि मान वर करून बघावं, एवढीच त्याची इच्छा. म्हणून तो गतिरोधक असा उंच झाला की सायकलवाला उतरूनच पुढे जायचा.

मग हरेशने ती गाडी आणली. परदेशी, पिवळीधमक, दोनच माणसांची आणि जमिनीला इतकी चिकटलेली की खालून कोंबडीसुद्धा जाणार नाही. तिचं पोट त्याच्याच गतिरोधकावर घासू लागलं. गतिरोधक फोडायचा तर गावापुढे नाक कापून घेण्यासारखं झालं असतं. तोडगा काढला त्याच्या आईने. ठकुबाईने मांडवाच्या दोन जाड फळ्या गेटला टेकवून ठेवल्या. गाडीचा आवाज झाला की हातातलं काम टाकून ती बाहेर यायची, फळ्या गतिरोधकाला टेकवून चाकांपुढे उतरणीसारख्या मांडायची आणि गाडी गेली की उचलून परत जागेवर ठेवायची. हरेश तेवढ्यासाठी काचही खाली करत नसे.

घरची जुनी छोटी गाडी त्याने चुलतभावाला, रघूला, देऊन टाकली होती. रघू तिच्यातून कामतघरला सुताच्या गोण्या न्यायचा, शाळेची पोरं सोडायचा, कुणाची बाळंतीण घरी आणायचा. ठकुबाईचा जीव अजून तिच्यातच होता. हिच्यात माणूस माणसासारखा बसतो, असं ती म्हणायची आणि हरेशला ते झोंबायचं.

त्या दुपारी अंगणात मासळी साफ करता करता ठकुबाई मागे कलंडली. ओठ निळे पडले, श्वास घरघरू लागला. सून मेघाली हंबरडा फोडतच बाहेर आली. रघू घरीच होता. त्याने छोटी गाडी आणून मागचं दार उघडून धरलं आणि काकीला हिच्यात बसव म्हणाला. हरेशच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे. तुझा डबा कधी पोचणार, असं बोलून त्याने आईला उचललं आणि पिवळ्या गाडीत कोंबलं. ती सीट इतकी खोल की ठकुबाई जवळजवळ आडवीच झाली, आणि होता नव्हता तो श्वासही घशात अडकला. हरेशने गाडी गेटबाहेर काढली आणि सुसाट सोडली.

फळ्यांची आठवण त्याला झालीच नाही. व्हावी कशी? त्या त्याने आजवर कधी हाताने उचलल्याच नव्हत्या.

खाडकन आवाज झाला आणि गाडी गतिरोधकावर पोट टेकून बसली. पुढे जाईना, मागे येईना. चाकं नुसती फिरत राहिली, जळक्या रबराचा वास सुटला. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं गटार, मागे रघूची गाडी अडकलेली. मेघाली रिक्षा बघायला नाक्याकडे धावली आणि तशीच रडत परत आली. आई डोळ्यांदेखत जात होती, आणि तिच्या वाटेत त्याने स्वतःच्या हाताने गाडी आडवी घातली होती.

गल्ली जमली, पण गाडीला हात लावायला कुणी धजेना. आरशाला बोट लावलं म्हणून हरेशने एका पोराला सगळ्यांसमोर कानफटवलं होतं, ते कोण विसरणार?

"उचला," हरेश घोगऱ्या आवाजात म्हणाला. "गटारात टाका. आख्खी टाका, पन वाट मोकली करा."

ठकुबाईला रघूच्या गाडीत नेलं आणि माणसांनी त्या पिवळ्या गाडीला एका अंगाने उचलून गटारात ढकललं. पत्रा चिरकत गेला. हरेशने वळूनही पाहिलं नाही. छोटी गाडी गतिरोधकावरून उडी मारून पार झाली. बाहेर कंटेनरांची रांग तुंबलेली होती. रघूने मातीच्या कडेने, खड्ड्यांतून, मिळेल त्या फटीतून गाडी काढली. मागे हरेश आईला छातीशी धरून ताठ बसवत होता आणि तिच्या प्रत्येक श्वासाला, आता पुढचा येतो की नाही, म्हणून मरत होता.

दवाखान्यात ऑक्सिजन लागला. आताच काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि त्याला घटकाभर आत सोडलं. ठकुबाईने डोळे उघडले. तोंडावरचा मास्क तिने बोटाने जरासा सरकवला.

"फल्या कोनी लावल्या रं?"

"मी लावल्या, आये," हरेश म्हणाला.

"हातात काटा न्हाय ना गेला? लय खरबरीत हायेत त्या."

त्याने नाही म्हणून मान हलवली. तिचे डोळे पुन्हा मिटले. हरेशने तिचा हात हातात घेतला आणि तळवा वर करून पाहिला. लाकडाचे बारीक काटे आत मोडून राहिले होते. काही जुने, काळे पडलेले. एक अजून ताजा, आजच्या सकाळचा होता.