दाराने घेतलेला आळ

आमच्या वेळी गिऱ्हाईक चोर आहे की साव, हे दुकानदार तोंडाकडे बघून ठरवायचा. आता ते काम दार करतं.

कोपऱ्यावरचं आमचं जुनं दुकान म्हणजे एक लाकडी फळी, आणि फळीपलीकडे दुकानदार. साबण म्हटलं की साबण, दोरा म्हटलं की दोरा. काढायला तो आमच्याकडे पाठ करून शिडीवर चढायचा आणि तिथूनच विचारायचा, "वहिनी, मोठी वडी की छोटी?" फळीवर काय काय पडलेलं असे, पण त्यानं कधी वळून पाहिलं नाही. त्याचे गुडघे गेले, दुकान बंद झालं, आणि मला चौकातल्या मोठ्या काचेच्या दुकानात जाणं भाग पडलं.

तिथे सगळं आपल्या हातानं घ्यायचं. सुरुवातीला मला फार आवडलं. पण मग दिसलं की दाढीची पाती काचेच्या कपाटात कुलूपबंद आहेत. तोंडाला लावायच्या मलमाच्या बाटलीला गळपट्टा, जणू ती कुणाला चावणार आहे. पाती हवी असलेला एक गृहस्थ किल्लीवाल्याची वाट बघत ताटकळला होता. हे असते तर म्हणाले असते, "दाढी वाढवलेली परवडली." हे म्हणजे माझे यजमान. जन्मभर पुस्तकांची बांधणी केली त्यांनी, आणि शेवटच्या दिवसापर्यंत दाढी गुळगुळीत ठेवली.

पहिल्या खेपेला मी दूध आणि साबण घेतला, पैसे दिले, पावती घेतली, आणि दाराशी असलेल्या दोन खांबांमधून बाहेर पडायला गेले तर दार बोंबलायला लागलं. लाल दिवा लागला. अख्खी रांग माझ्याकडे वळली. मला आधी वाटलं, आग लागली.

"आजी, पिशवी दाखवा," गेटवरची बाई म्हणाली.

चष्म्याचं घर, छत्री, रुमाल, किल्ल्या, सगळं लोकांसमोर टेबलावर मांडलं गेलं. सामान पावतीशी जुळलं. "जा," ती म्हणाली. मी पुन्हा खांबांमधून गेले, दार पुन्हा ओरडलं. तिनं हात हलवला, जा जा. घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

दुसऱ्या खेपेला तेच. त्यात रांगेत शेजारीण उभी. मी घरी पोहोचायच्या आधी बातमी पोहोचलेली.

मुलगा संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला. चांगला आहे हो तो, लहानपणापासून मऊ. म्हणाला, "आई, तू चुकून काही... म्हणजे, नकळत..."

"नकळत काय?"

"काही नाही. आता सगळं घरपोच मागवत जाऊ. तू कशाला पायपीट करतेस?"

बोलणं मायेचं होतं, पण मला कडी लावल्याचा आवाज ऐकू आला. त्याच्या मनात कोण आलं ते मला ठाऊक होतं. माझी मावशी म्हातारपणी दुसऱ्यांचे चमचे उचलून उशीच्या अभ्र्यात ठेवायची. तिला पत्ताच नसायचा. घरातले आधी हसले, मग त्यांनी कपाटांना कुलपं लावली, मग तिच्या खोलीला. ही गोष्ट मीच त्याला सांगितली होती, तो लहान असताना, हसत हसत.

त्यानंतर मी स्वतःच स्वतःची झडती घ्यायला लागले. बाहेरून आले की पिशवी पलंगावर उलटी करायची. एकदा बामची डबी निघाली. ही मी कधी घेतली? आठवेना. दुपारभर ती डबी हातात धरून बसले होते. सूनबाई कामावरून आली आणि म्हणाली, "सापडली का? सकाळी मीच टाकली होती तुमच्या पिशवीत, गुडघ्यासाठी." मला रडू फुटलं.

आमची सूनबाई दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. कुणाचं यंत्र चालत नाही, कुणाचा पंखा फिरत नाही. लोकांशी गोड बोलून बोलून तिचा गोडवा ऑफिसातच संपतो, घरी येतं ते तिखट. पण त्या दिवशी ती चप्पलसुद्धा न काढता माझ्यापुढे बसली.

"आई, चोरी तुम्हाला जमणार आहे का? चहात चोरून साखर घालता तर चमच्याचा आवाज शेजारी जातो."

"अगं, पण दार वाजतं ना!"

"आमच्याकडे तक्रार आली की पहिला प्रश्न असतो, हे आत्ता सुरू झालं की आधीपासून होतं? आत जाताना वाजलं होतं का दार?"

मी विचारात पडले. आठवलं. "वाजलं होतं की. मला वाटलं, दुसऱ्या कुणासाठी वाजतंय."

"बघा! चोरी करून कुणी दुकानात शिरतं का? चोरी करून लोक बाहेर जातात. उठा, जाऊया."

"आत्ता?"

"आत्ता. मला उद्या परत भांडायला जोर राहणार नाही."

मुलगा म्हणाला, "अगं, राहू दे, उगाच तमाशा." ती म्हणाली, "तमाशा झालाय, आता नुसतं तिकीट काढायचंय."

दुकानात शिरताना दार ओरडलं. गेटवरच्या बाईनं मला ओळखलं, आणि तिच्या चेहऱ्यावर 'आल्या का पुन्हा', असं स्पष्ट उमटलं. सूनबाईनं तिला हात जोडले नाहीत की आवाज चढवला नाही. ऑफिसातला राखून ठेवलेला गोडवा काढला.

"ताई, तुम्हालाही कटकट होत असेल ना या आवाजाची?"

"डोकं उठतं हो संध्याकाळपर्यंत," बाई लगेच विरघळली.

"मग मला थोडी जागा द्या. आईंची एकेक वस्तू घेऊन मी या दारातून जाते."

आणि माझी सून, जी शेजारच्या कार्यक्रमातसुद्धा कडेला बसते, ती भरल्या दुकानात त्या खांबांमधून ये-जा करू लागली. हातात छत्री, दार गप्प. चष्म्याचं घर, गप्प. किल्ल्या, गप्प. माझा स्वेटर अंगात घालून गेली, बाह्या तिला आखूड, तरी गप्प. कुणीतरी रांगेतून विचारलं, "ताई, व्यायाम चाललाय का?" ती म्हणाली, "हो, या तुम्ही पण. पोट आत जाईल." लोक हसले. पण यावेळी माझ्यावर हसत नव्हते.

शेवटी उरली रिकामी पिशवी. ती घेऊन गेली आणि दार ठणाणा बोंबललं.

"आतलं काहीच नाही!" गेटवरची बाई टाळी वाजवून म्हणाली. "पिशवीच चोर!"

ती पिशवी जाड कापडाची, जुनी. हे गेले त्याच्या आदल्या वर्षी तिचा बंद कापडातून फाटत आला होता. नवी घेऊ म्हटलं तर यांना राग. थरथरत्या हातांनी दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन बसले आणि बंदाच्या मुळाशी ठिगळ शिवलं, पुस्तकाच्या पाठीसारखं भक्कम. कापड कापलं जाऊ नये म्हणून आत कसलासा कडक तुकडा घातला होता. मी विचारलं नव्हतं कसला. यांच्या डब्यात 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेल्या हजार गोष्टी असत.

गेटवरच्या बाईनं ठिगळ चाचपलं, उजेडात धरलं. टाक्यांच्या फटीतून पांढरी प्लास्टिकची पट्टी दिसत होती, बोटाएवढी.

"ही दाढीच्या पात्यांच्या पाकिटातली," ती म्हणाली. "कंपनीतूनच येते. आम्ही गल्ल्यावर बंद करून देतो. कुठल्या छोट्या दुकानातून पाती घेतली असतील तर ही चालूच राहणार."

छोट्या दुकानातूनच आली होती. लाकडी फळीवरून. तिथे खांब नव्हते, म्हणून तिला गप्प बसायला कुणी शिकवलंच नव्हतं.

मला खुर्ची दिली. पाणी दिलं. गेटवरच्या बाईनं खिशातून कटर काढलं. "ठिगळ उसवते, एका मिनिटाचं काम."

"नको हो," मी पिशवी छातीशी धरली. "ते टाके यांचे आहेत."

ती थांबली. सूनबाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. कटर परत खिशात गेलं. "द्या इकडे," म्हणाली. गल्ल्यावर नेऊन तिनं बंदाचं मूळ एका काळ्या पाटीवर ठेवलं, इस्त्री फिरवावी तसं इकडून तिकडे फिरवलं. "झोपवली. आता जा बरं दारातून. एकट्या जा."

मी गेले. दार गप्प. परत आले, परत गेले. गप्प. खरं सांगते, तिसऱ्यांदा जाताना जरा चुकल्यासारखंही वाटलं. हे असताना मी घराबाहेर पडले की आतून ओरडायचेच, "पिशवी घेतलीस का?"

गेटवरची बाई म्हणाली, "आजी, त्या दिवशी सगळं सामान टेबलावर काढायला लावलं. माफ करा."

"अगं, तू तुझं काम केलंस," मी म्हटलं. आणि सुनेचा हात धरला. काय बोलायचं ते सुचलं नाही, म्हणून तिला म्हटलं, "स्वेटर काढ आता, उसवेल." ती म्हणाली, "बघा, कौतुक म्हणून नाहीच." पण हात तिनं घरापर्यंत सोडला नाही.

दारातच मुलगा उभा होता. सूनबाईनं सगळं सांगितलं. तो पिशवी हातात घेऊन ठिगळावरून बोट फिरवत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, उद्यापासून दूध तूच आणशील ना?"

"मग कोण आणणार?"

दुसऱ्या दिवशी मी चप्पल घालत होते. घरात सगळे आपापल्या गडबडीत. मला वाटलं, कुणी काही विचारणार नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सूनबाईचा आवाज आला, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असा.

"आई, पिशवी घेतलीत का? आणि येताना साबण आणा. पैसे देऊन आणा बरं का!"